विषय: संवेदनशीलता कमी करण्याबाबत

एका जंगलात एके सकाळी एक काटा हलला नाही.

बस, एवढंच झालं.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, नाही हलला तर त्यात काय मोठंसं? जंगलात कितीतरी गोष्टी हलत नाहीत. दगड हलत नाहीत. जेवलेला अजगर हलत नाही. दरबारात दिलेला अर्ज तर मुळीच हलत नाही. पण हा काटा हलायला ठेवलेला होता. तेच त्याचं काम होतं.

तो होता जलमापकाचा काटा. जलमापक म्हणजे तळ्याच्या काठावर बसवलेलं एक यंत्र. त्याच्या वाटीत तळ्याचं पाणी ओतायचं. पाणी चांगलं असेल तर काटा हिरव्या पट्ट्यात राहतो. पाणी वाईट असेल तर लाल पट्ट्यात जातो आणि घंटा वाजते. पण पाणी कितीही चांगलं असलं तरी ओतताना काटा जरासा थरथरतो, इकडे तिकडे बघतो, मग स्थिरावतो. नवीन पाहुणा सतरंजीवर बसताना करतो ना, तसं.

आज पाणी ओतलं आणि काटा ढिम्म. कुणीतरी रंगवून ठेवल्यासारखा, हिरव्या पट्ट्याच्या बरोब्बर मध्ये.

"अगं बाई," शलाका म्हणाली.

शलाका साळिंदर होती. वनमहाविद्यालयातून जलपरीक्षणाची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागलेली. हुशार होती. अक्षर सुंदर होतं. पण भित्री फार. वाळकं पान पडलं तरी दचकायची. आणि साळिंदर दचकलं की काय होतं, ठाऊक आहे ना? अंगावरचे काटे उभे राहतात. तुमच्या अंगावर काटा येतो तो तुमचा तुम्हालाच कळतो. शलाकाच्या अंगावर आला की शेजारच्यांना बाक सरकवून बसावं लागायचं.

तर शलाकाने यंत्राला टिचकी मारली. काटा हलला नाही. वाटी रिकामी करून पुन्हा भरली. हलला नाही.

तेवढ्यात काठावरचा एक बेडूक 'डराव' म्हणायला गेला. 'ड' म्हणाला. पुढचं 'राव' काही आलं नाही. त्याऐवजी तोंडातून एक फुगा निघाला. सुंदर, इंद्रधनुष्यी, साबणाचा. फुगा तरंगत तरंगत शलाकाच्या नाकावर आला आणि फुटला.

फट्.

शलाकाचे सगळे काटे उभे राहिले.

"माफ करा हं," बेडूक म्हणाला. "परवापासून असंच होतंय. बायको म्हणते, निदान आवाज तरी नाही."

ओढ्याच्या वरच्या अंगाला तरसशेठची साबणाची भट्टी होती. दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती. भट्टीचं उरलंसुरलं पाणी ओढ्यात यायचं आणि ओढा तळ्यात यायचा. कालच सशाची दोन पिलं तळ्याचं पाणी पिऊन घरी गेली होती. ती पोट धरून आडवी झाली, ती अजून उठली नव्हती. आणि आज चार वाजता, रोजच्यासारखा, बगळेबाईंचा सगळा शिशुवर्ग पाण्यावर येणार होता. सशाची ती दोन सोडून एक्केचाळीस पिलं. त्यांत शलाकाची भाची बोरूही होती. बोरूचे काटे अजून मऊ होते. तिला पाठीवर थोपटता यायचं.

शलाकाने यंत्राची मागची पाटी पाहिली. यंत्राला एक चावी होती आणि चावीसमोर एक ते दहा आकडे कोरलेले होते. वर लिहिलं होतं: संवेदनशीलता. दहावर ठेवली तर यंत्राला चिमूटभर घाणही कळते. एकवर ठेवली तर यंत्रावर उकिरडा पालथा केला तरी त्याला काही वाटत नाही.

यंत्र बसवलं त्या दिवशी शलाकाने स्वतः चावी दहावर लावली होती. मध्यंतरी ती रजेवर गेली होती, ती आजच परतली होती.

आज चावी एकवर होती.

*

शलाका धावत गेंडेसाहेबांकडे गेली.

गेंडेसाहेब जलपरीक्षण विभागाचे प्रमुख होते. मुलांनो, विभाग म्हणजे काय, ते विचारू नका. एक काम असतं. ते कुणीच करू नये म्हणून ते पुष्कळांना वाटून देतात, त्याला विभाग म्हणतात.

साहेब तळ्यातच बसलेले होते. ते कार्यालयात बसण्यापेक्षा तळ्यात बसून कार्यालयाकडे लक्ष ठेवत. त्यांच्या गळ्याभोवती पांढराशुभ्र फेस जमला होता.

"साहेब, यंत्राची संवेदनशीलता कुणीतरी कमी केलीय! दहाची एक केलीय!"

"शलाका," साहेब शांतपणे म्हणाले, "आधी ते काटे खाली कर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत जातात."

"हो साहेब. पण पाणी खराब झालंय. फेस येतोय बघा."

साहेबांनी फेसाकडे पाहिलं. थोडासा कानामागे चोळला.

"मी दोन महिने बसतोय या पाण्यात. मला तर काही होत नाही. उलट अंग कसं हलकं वाटतं. परवा सौ. म्हणाल्यासुद्धा, तुम्ही उजळलात म्हणून."

"साहेब, तुमची कातडी..."

"काय माझी कातडी?"

"चांगली आहे, साहेब."

"मग? यंत्र हिरवं दाखवतंय ना?"

"ते एकवर आहे म्हणून हिरवं दाखवतंय!"

"म्हणजे हिरवं दाखवतंय," साहेब म्हणाले आणि डोळ्यांपर्यंत पाण्यात गेले. पाण्यातून आवाज आला, "तू फार मनाला लावून घेतेस. नवी आहेस. होईल सवय."

*

शलाका यंत्राकडे परत आली. तिने दोन्ही पंज्यांनी चावी धरली आणि दहावर फिरवली.

काटा टुणकन उडाला. पिवळा पट्टा ओलांडून थेट लाल पट्ट्याच्या शेवटच्या रेघेवर जाऊन आपटला. ठण्‌ ठण्‌ ठण्‌ घंटा वाजली. घंटा तिनेच वाजवली होती, तरी शलाका दचकली.

आता तुम्हाला जाळ्याबद्दल सांगायला हवं.

या यंत्राला एक धागा बांधलेला होता. कोळ्याचा धागा. तो झाडांवरून, फांद्यांवरून साऱ्या जंगलात गेला होता. त्याला फाटे फुटले होते आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला, प्रत्येक गुहेत, बिळात, ढोलीत, एकेक पान टांगलेलं होतं. पानाची एक बाजू हिरवी, दुसरी लाल. यंत्राचा काटा लाल झाला की धागा ताणला जायचा आणि सगळीकडची पानं लाल बाजूला वळायची. काटा हिरवा झाला की धागा सैल पडायचा आणि पानं हिरवी व्हायची. म्हणजे कुणालाही घरबसल्या कळावं, तळं कसं आहे. कुणालाही तळ्यापर्यंत यायची गरज पडू नये. कुणी येतही नसे.

आणि हे सगळं जाळं एकट्याने सांभाळायचे अष्टपादराव कोळी. जाळेप्रमुख. ते दूर डोंगराच्या कपारीत बसायचे. तिथून त्यांना कुठलंही यंत्र दिसायचं, आणि धागा ओढून कुठल्याही यंत्राची चावीही फिरवता यायची. त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

तर शलाकाने चावी दहावर नेली. पानं लाल झाली. तिला जरा बरं वाटलं.

मग तिच्या डोळ्यांदेखत चावी हलली.

कुणी हात लावला नव्हता. वारा नव्हता. चावी आपली आपण फिरली, नऊ, आठ, सात, सावकाश, जांभई देत असल्यासारखी, आणि एकवर येऊन थांबली. काटा हिरव्यात आला. घंटा गप्प झाली.

"भूत!" शलाका ओरडली.

भूत नव्हतं. भूत परवडलं असतं.

तिने पुन्हा दहा केले. चावी पुन्हा एकवर आली. तिने तिसऱ्यांदा दहा केले. या वेळी चावी एकवर आली आणि तिच्याभोवती एक बारीक धागा गरगर गुंडाळला गेला. वर एक चिठ्ठी चिकटली: 'तीन वेळा अनधिकृत बदल. चावी कुलूपबंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

शलाकाने धागा चावून पाहिला. दातच चिकटले.

*

विभागाच्या कोपऱ्यात कासवअण्णा बसायचे. आवक-जावक त्यांच्याकडे होती. कागद त्यांच्याकडे आला की आवक, आणि कुणी घेऊन गेलं तर जावक.

"अण्णा, संवेदनशीलता कमी करायला कुणी सांगितलं? काही कागद आलाय का?"

"आलाय की," अण्णा म्हणाले. "बस. काढतो."

अण्णा उठले. फडताळापर्यंत गेले. दार उघडलं. अण्णांनी एक कागद काढला, परत ठेवला, दुसरा काढला.

"हा नव्हे. हा ससा आणि आमची शर्यत झाली त्याबद्दलच्या चौकशीचा. अजून निकाल नाही लागला." त्यांनी तिसरा काढला. "हां. हा घे, पोरी. मोठ्याने वाच. मला आवडतो हा."

शलाकाने वाचला.

'विषय: पाणीप्रश्नाची संवेदनशीलता कमी करण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तळ्याच्या पाण्याचा विषय अलीकडे अत्यंत संवेदनशील झाला आहे. सबब सदर संवेदनशीलता तातडीने कमी करण्यात यावी व ती पुन्हा वाढणार नाही याची दक्षता घ्यावी.'

खाली महाराजांच्या पंजाचा ठसा होता. त्याखाली वाघाचा ठसा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. त्याखाली कोल्ह्याचा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. त्याखाली अस्वलाचा, मोराचा, सायंकाळची सही करणाऱ्या वटवाघळाचा. सगळे योग्य त्या कार्यवाहीसाठी. शेवटी आठ बारीक ठिपके होते. अष्टपादरावांचे. त्यांपुढे लिहिलं होतं: 'संवेदनशीलता दहावरून एकवर आणली. काम पूर्ण.'

"म्हणजे..." शलाका म्हणाली.

"मागच्या महिन्यात घंटा वाजली होती, आठवतं ना?" अण्णा म्हणाले. "माकडांनी दरबारासमोर झाडं हलवली. हरणांनी गवतावर बहिष्कार टाकला. अर्ध्या दिवसाने भूक लागली म्हणून मागे घेतला, पण टाकला. महाराज वैतागले. म्हणाले, विषय फार संवेदनशील झालाय, काहीतरी करा."

"पण त्यांना भट्टी बंद करा असं म्हणायचं असेल! किंवा लोकांना समजावा, असं तरी!"

"असेल. नसेल. महाराजांना काय म्हणायचं असतं ते आपण कोण ठरवणार? वरून खाली सात टेबलं झाली. सगळ्यांनी वाचला. संवेदनशीलता नेमकी कुठे असते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अष्टपादरावांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे त्या नावाची चावीच आहे." अण्णांनी कागद हळूच परत घेतला. "मी चाळीस वर्षं इथे आहे, पोरी. आदेश निघाला आणि तंतोतंत पाळला गेला, असा हा पहिलाच. मला भरून आलं होतं."

"अण्णा, चार वाजता पिलं येणार आहेत!"

"हो का? मग तू अर्ज कर. संवेदनशीलता वाढवण्याबाबत. मी आजच घेतो आवकमध्ये." अण्णांनी सूर्याकडे पाहिलं. "आज म्हणजे, तसं बघ, उद्या."

*

आता एकच उपाय उरला होता. अष्टपादरावांशीच बोलायचं.

त्यासाठी हाकनळी होती. हाकनळी म्हणजे बांबूला बांबू जोडून डोंगरापर्यंत नेलेली लांब पोकळ नळी. इकडून हाक मारायची, तिकडे ऐकू जायची. हिचं एक तोंड विभागाच्या प्रयोगशाळेत होतं, एक पाणवठ्याच्या दाराशी.

शलाकाने तोंड लावलं. "हॅलो? अष्टपादराव?"

नळीतून मैनेचा गोड आवाज आला. "नमस्कार! जंगल जाळे विभागात आपलं स्वागत आहे. आपली हाक आमच्यासाठी मोलाची आहे. पान हरवलं असल्यास एकदा खाकरा. पान खाल्लं असल्यास दोनदा खाकरा. जाळ्यात स्वतःच अडकला असल्यास न हलता तीनदा खाकरा. संवेदनशील विषयांसाठी—"

"हो, हो! तेच!"

"—संवेदनशील विषयांसाठी ही सेवा सध्या बंद आहे. इतर सर्व विषयांसाठी चारदा खाकरा."

शलाकाने चारदा खाकरलं. पाचवी उचकी लागली.

"धन्यवाद. आपण पाचदा खाकरलात. आपलं नाव वधूवर सूचक मंडळात नोंदवलं आहे."

शलाकाने पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी श्वास धरून मोजून चारदा खाकरलं.

"धन्यवाद. आपण रांगेत सातव्या आहात."

शलाका थांबली. नळीतून कुणीतरी बासरी वाजवत होतं. एकच ओळ. पुन्हा तीच ओळ. बाहेर करंजाची सावली दगडांवरून सरकत होती. ती पाणवठ्याच्या पायरीला टेकली की चार वाजायचे.

"आपण रांगेत नवव्या आहात."

"नवव्या? आत्ता तर सातवी होते!"

"मध्ये दोन बिबटे आले आहेत," मैना म्हणाली. आणि पुन्हा बासरी.

*

सावली पायरीपासून दोन हातांवर आली, तेव्हा शलाका नळी सोडून पाणवठ्याच्या दाराकडे पळाली.

दार बांबूचं होतं. तिथे डुबकेकाका होते. डुबकेकाका म्हणजे पाणमांजर. मिशा टोकदार, स्वभाव सरळ. दाराच्या वरून जाळ्याचा धागा गेला होता आणि त्याला काकांचं पान टांगलेलं होतं. हिरवं.

"काका, आज दार उघडू नका! पाणी खराब आहे."

"पान हिरवं आहे, ताई."

"पान खोटं आहे!"

काकांनी पान हातात घेऊन नीट पाहिलं. "नाही हो. खरं आहे. वडाचं आहे."

"तसं नव्हे! यंत्राची चावी कमी केलीय. म्हणून काटा हिरवा, म्हणून पान हिरवं. काका, तुम्ही रोज पाण्यात असता. तुम्हाला नाही का कळत?"

काका हळू आवाजात म्हणाले, "कळतंय ना. मासा धरला की हातातून सटकतो. आठ दिवस झाले, पोटभर जेवलो नाही. घरी कारभारीण म्हणते, तुमचंच वय झालं."

"मग बंद ठेवा ना दार!"

"ताई, माझं काम काय लिहिलंय? पान हिरवं, दार उघडं. पान लाल, दार बंद. मधे माझं डोकं कुठेच लिहिलेलं नाही. परवा एकदा ते वापरलं. साहेबांनी बोलावून विचारलं, डुबके, हे तुम्हाला कुणी दिलं?" काकांनी मिशा पुसल्या. "तुम्ही लेखी आणा. कसलंही. मी लगेच बंद करतो. देवाशपथ."

सावली एक हातावर आली.

शलाकाने दाराशेजारच्या हाकनळीला तोंड लावलं. चारदा खाकरली.

"धन्यवाद. आपण रांगेत चौदाव्या आहात."

आणि दुरून गाणं ऐकू आलं. एक्केचाळीस पिलं ओळीने, एकमेकांची शेपटी धरून, बेसूर गात येत होती. पुढे बगळेबाई एका पायावर थांबत, मोजत, पुन्हा चालत होत्या.

*

सावली पायरीला टेकली. डुबकेकाकांनी पानाकडे पाहिलं. शलाकाकडे पाहिलं. मग मान खाली घालून दार उघडलं.

शलाकाला काय करावं कळेना. भित्र्या माणसाला संकटात एकच गोष्ट पक्की येते, ती म्हणजे पाठ फिरवणं. शलाकाने पाठ फिरवली. पण ती पळाली नाही. उघड्या दारात, पिलांकडे पाठ करून, नळी कानाला लावून, नुसती उभी राहिली. आणि घाबरलेली तर ती होतीच. सगळे काटे फर्रकन उभे राहिले. दार या खांबापासून त्या खांबापर्यंत भरून गेलं.

गाणं थांबलं.

"शलाकाताई, हा काय प्रकार?" बगळेबाई म्हणाल्या. "मुलांना तहान लागलीय."

"पाणी नका देऊ, बाई! पाया पडते."

"पान तर हिरवं आहे."

"पान हिरवं आहे, पण सशाची पिलं बघितलीत का?"

"ती अभ्यासातही मागेच आहेत," बाई म्हणाल्या.

पिलं पुढे सरकली. एका कोल्ह्याच्या पिलाने वाकून काट्यांखालून जायचा बेत केला. "मावशी, मी आहे!" बोरू ओरडली. "मावशी, तू का फुगलीस?"

"बोरू, मागे हो! अजिबात पाण्याला तोंड लावायचं नाही!"

"पण माझा घसा सुकलाय!"

तळ्याच्या बाजूने पाणी सांडल्याचा मोठा आवाज झाला. गेंडेसाहेब तळ्यातून बाहेर आले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. अंगभर फेस होता. ते एखाद्या ढगासारखे चालत आले.

"शलाका! मुलांना काटे दाखवतेस? बाजूला हो. हा आदेश आहे."

"नाही, साहेब."

शलाकालाच आपला आवाज ऐकून धक्का बसला. ती एवढी दचकली की होते नव्हते तेवढे सगळे काटे आणखी वर गेले. मानेवरचेसुद्धा. शेपटीवरचेसुद्धा. आणि ते दारावरून गेलेल्या जाळ्याच्या धाग्यात घुसले.

तिने मान सोडवायला हिसका दिला. धागा काट्यांना गुंडाळला. तिने दुसरा हिसका दिला. धागा ताणला.

डुबकेकाकांचं पान गर्रकन वळलं.

लाल.

काकांनी एका झटक्यात शलाकाला आत ओढलं आणि दार धाडकन लावलं. कडी घातली. वर स्वतः टेकून उभे राहिले.

"डुबके! उघडा!" साहेब गरजले.

"पान लाल आहे, साहेब!" काका म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "पान लाल, दार बंद! लिहिलेलं आहे!"

शलाका कापत होती. ती कापली की धागा कापायचा. धागा कापला की फांद्या फांद्यांवरची पानं फडफडायची. सशाच्या बिळातलं पान लाल झालं. अस्वलाच्या ढोलीतलं झालं. तरसशेठच्या भट्टीवरचं झालं. माकडांनी ते पाहिलं आणि त्यांना उगीचच झाडं हलवावीशी वाटू लागली. महाराज दुपारची झोप घेत होते. त्यांच्या मिशीवर पान लाल होऊन आपटू लागलं.

बाहेर बगळेबाईंनी लाल पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "शी! असलं पाणी का कुणी पितं? चला रे, टेकडीवरच्या झऱ्यावर. ओळ धरा. आणि बोरू, रडायचं नाही. मावशीला बरं नाहीये."

गाणं पुन्हा सुरू झालं. दूर दूर गेलं. शलाका ऐकत राहिली. एक्केचाळीस आवाज होते. एकही कमी नव्हता. तिला हुंदका आला.

तेवढ्यात बासरी थांबली.

कानाला लावलेल्या नळीत खरखर झाली. मैना नव्हती. एक बारीक, कामसू, दमलेला आवाज होता.

"बोला. अष्टपाद बोलतोय."

शलाका म्हणाली, "साहेब... अष्टपादराव... मी तळ्यावरून..."

"तळ्यावरूनच ना? बरं झालं, तुम्हीच सापडलात. अहो, तुमच्याकडे पाणवठ्याच्या दाराशी एक नवीन यंत्र बसवलंय का? माझ्याकडे नोंद नाही. क्रमांक नाही. पण जाळ्यावर स्पष्ट दिसतंय. एकदम लाल. सारखं थरथरतंय. सगळ्या जंगलाची पानं लाल केलीत त्याने, महाराज जागे झालेत, विषय पुन्हा संवेदनशील झालाय."

"अहो, ते यंत्र नाही, ते—"

"असू दे, असू दे, बाई. कुठल्या कंपनीचं आहे ते नंतर बघू. त्याची चावी कुठल्या बाजूला आहे, तेवढंच सांगा. एकवर आणून ठेवतो."

*

तात्पर्य: मुलांनो, तळ्याचं पाणी बिघडलं तर ते सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला फार दिवस लागतात आणि तरसशेठना वाईट वाटतं. त्यापेक्षा पाणी बिघडल्याचं ज्याला कळतं, त्याला सुधारावं. ते एकच असतं, थरथरत असल्यामुळे चटकन सापडतं, आणि शिवाय मदतीसाठी हाक त्यानेच मारलेली असते.